चार तालुक्यांचं देऊळ : कलकत्ता आणि अचिपूरचे चार दिवस

माझगावात नवाब टँकजवळ एक दुमजली घर आहे. लाल दरवाजा, वर चिनी अक्षरं. बाबा पस्तीस वर्षं गोदीत सुतारकाम करत होते, त्यामुळे शाळेत असताना त्यांना डबा द्यायला गेले की येताना मी त्या दाराशी रेंगाळायची. त्याचं नाव 'सी यप कून'. १९१९ साली बांधलेलं, मुंबईत उरलेलं एकमेव चिनी देऊळ. वर लाल चेहऱ्याचा, लांब दाढीचा क्वान कुंग बसलेला असतो. लहानपणी मला तो आमच्या गावच्या वेतोबासारखा वाटायचा. तसाच उग्र आणि तसाच आपला.

'सी यप' म्हणजे चार तालुके, हे मला फार उशिरा कळलं. सुनवुई, तोयसान, होयपिंग आणि यानपिंग. दक्षिण चीनच्या क्वांगतुंग प्रांतातले, कॅन्टन शहराच्या नैऋत्येचे हे तालुके. 'कून' म्हणजे बैठकीची जागा. त्याच चार तालुक्यांच्या लोकांनी कलकत्त्यात १९०५ साली, म्हणजे आपल्या माझगावच्या आधी चौदा वर्षं, एक देऊळ बांधलं. ते बघायचं बरीच वर्षं मनात होतं. बाबा आता ७६ वर्षांचे आहेत. "जायचं तर यंदाच," म्हणाले, आणि आम्ही दोघं निघालो.

पहिला दिवस : शनिवार, १ फेब्रुवारी २०२५

त्या दिवशी माघी गणेश जयंती होती. घरी मोदकांचा नैवेद्य दाखवून दुपारचं विमान धरलं. चिनी नववर्ष २९ जानेवारीला, आपल्या पौष अमावास्येच्या दिवशी सुरू झालं होतं. त्यांचा पहिला महिना आणि आपला माघ यंदा एकाच चंद्राबरोबर चालले होते. नववर्षानंतरच्या रविवारी कलकत्त्यातले चिनी लोक हुगळीकाठच्या अचिपूर गावातल्या चिनी देवळाला जातात, म्हणून तारीख मुद्दाम तशी धरली होती.

उतरलो सेंट्रल मेट्रो स्टेशनजवळ. इथून टिरेट्टा बाजार, म्हणजे कलकत्त्याची जुनी चिनी वस्ती, पायी दहा मिनिटांवर आहे. स्थानिक लोक त्याला 'टेरिटी बाजार' म्हणतात. अठराव्या शतकात व्हेनिसकडून आलेल्या एडवर्ड टिरेट्टा नावाच्या माणसाचा हा बाजार. संध्याकाळी सहज चक्कर मारायला गेलो आणि थोडी निराशाच झाली. मोटारींचे सुटे भाग, हातगाड्या, गोण्या. चायनाटाउन म्हणून डोळ्यांपुढे जे चित्र येतं, त्यातलं काहीच रस्त्यावरून दिसत नाही. एका गल्लीच्या तोंडाशी सॉसचं जुनं दुकान दिसलं, एका दारावर लाल कागदावर सोनेरी अक्षरं चिकटवलेली दिसली, इतकंच. बाबा म्हणाले, "उद्या सकाळी बघू. कुठलंही गाव संध्याकाळी बघून मत करू नये."

दुसरा दिवस : रविवार, पहाटेची न्याहारी आणि अचिपूर

साडेपाचला उठून पोद्दार कोर्टच्या कोपऱ्यावर गेलो. धुकं होतं, गारठाही बऱ्यापैकी होता. आदल्या संध्याकाळची जागा ओळखू येईना. फुटपाथवर ॲल्युमिनियमच्या मोदकपात्रांची रांग लागलेली, प्रत्येकातून वाफ निघतेय. डुकराच्या मटणाचं सारण भरलेले पांढरेशुभ्र पाव, सिउ माय नावाच्या सारण भरून वाफवलेल्या छोट्या पुरचुंड्या, तीळ लावून तळलेले गोळे, दोरीला टांगलेली लाप चाँग नावाची गोडसर सॉसेजेस, आणि माशाच्या गोळ्यांचं सूप. बाबांनी ते सूप घेतलं. पातळ, निर्मळ, वर कांद्याची पात. मासा कुटून त्याचा गोळा इतका हलका कसा होतो, हे त्यांनी विकणाऱ्या बाईंना विचारलं. बाईंनी हातानेच करून दाखवलं. मासा वाटायचा नाही, खरवडून घ्यायचा, आणि मग भांड्यात पुन्हा पुन्हा आपटायचा. बाबांनी ते लक्षपूर्वक पाहून घेतलं. घरी आल्यावर सुरमईवर प्रयोगही झाला आहे.

विकणाऱ्यांमध्ये आता चिनी चेहरे थोडे उरलेत. बंगाली आणि बिहारी विक्रेते जास्त. पण दोन-तीन वृद्ध बायका अजून येतात. त्यांच्यापैकी एकीकडे तांदळाच्या पिठाचा आणि गुळाचा वाफवलेला, चिकट वडीसारखा पदार्थ होता, 'नीन कोऊ'. नववर्षाचा खास. चव पातोळ्याच्या आतल्या सारणाच्या जवळ जाणारी. मी पैसे दिले आणि शिकून आलेल्या नववर्षाच्या शुभेच्छा म्हटल्या, "कुंग हे फात चॉय". त्या हसल्या आणि माझ्या हातात आणखी एक वडी ठेवून बंगालीत म्हणाल्या, "खाओ मा, खाओ."

जाणाऱ्यांसाठी: ही न्याहारी रविवारी सगळ्यात चांगली मिळते. सहाला पोचा. साडेसातनंतर भांडी रिकामी व्हायला लागतात आणि साडेआठपर्यंत बाजार आवरलेला असतो. सुटे पैसे जवळ ठेवा. डुकराचं मटण चालत नसेल तर आधी विचारून घ्या, माशाचे आणि कोंबडीचे पदार्थ असतात.

आठला गाडी करून अचिपूरकडे निघालो. वाटेत प्रत्येक गल्लीत सरस्वतीपूजेचे मंडप. इथे वसंत पंचमीला सरस्वती घरोघरी आणि शाळाशाळांत बसते. पिवळ्या साड्या नेसलेल्या शाळकरी मुली घोळक्याने चालल्या होत्या. बाटानगर गेलं, बजबज आलं. बजबज म्हणजे जिथे १९१४ च्या सप्टेंबरमध्ये 'कोमागाटा मारू'वरच्या प्रवाशांवर गोळीबार झाला ते बंदर. ते जहाज त्या वर्षी हाँगकाँगहूनच निघालं होतं. कॅनडाने उतरू न दिलेली ती माणसं इथे येऊन पडली. त्याच किनाऱ्यावर, त्याच्या सुमारे एकशे पस्तीस वर्षं आधी, दक्षिण चीनमधून आलेल्या एका माणसाने वस्ती केली होती. एकाच नदीकाठाला परदेशी गेलेल्या माणसांच्या दोन गोष्टी, दोन्ही इतक्या वेगळ्या.

त्या माणसाचं नाव तोंग अच्यू. चिनी लोक त्याला यांग ताय चाऊ म्हणतात. भारतात वस्ती केलेला पहिला चिनी म्हणून त्याची आठवण ठेवली जाते. १७७८ च्या सुमारास तो आला. वॉरन हेस्टिंग्जकडून त्याला बजबजजवळ ६५० बिघे जमीन मिळाली, वर्षाला ४५ रुपये खंडाने. तिथे त्याने ऊस लावला, साखरेचा कारखाना काढला आणि त्यासाठी चीनमधून शंभराच्या वर कामगार आणले. मकावच्या जहाजांतून पळून आलेले चिनी खलाशी तेव्हा कलकत्त्यात राहत होते. ते आपल्या माणसांना फूस लावून पळवतात, अशी त्याने कंपनी सरकारकडे तक्रार केली होती आणि १७८१ साली सरकारने त्याच्या बाजूने जाहीर सूचनाही काढली होती. पण १७८३ च्या अखेरीस तो हयात नव्हता. कारखाना बुडाला, माणसं कलकत्त्याकडे सरकली. गावाला नाव मात्र त्याचंच राहिलं: अच्यूचं अचिपूर.

गावात पोचेपर्यंत दहा वाजले. अरुंद रस्त्यावर दोन बसगाड्या आधीच उभ्या होत्या. ह्या वस्तीचं नाव चीनामानतला. एक लाल रंगाचं फाटक, आत झाडांचं अंगण, आणि अंगणाच्या टोकाला छोटंसं देऊळ. गाभाऱ्यात लाल वस्त्रं ल्यालेल्या दोन लहान मूर्ती. हे भूमीचे देव, धरित्रीची जोडी. चिनी माणसं त्यांना तू-ती म्हणतात. गावकरी म्हणतात 'खुदा-खुदी'. हे नाव कुणी, कधी दिलं कोण जाणे, पण ते इतकं रुळलंय की आज चिनी माणसंही पत्ता सांगताना तेच सांगतात.

आत चाललेला सोहळा बघत आम्ही बराच वेळ उभे होतो. प्रत्येक कुटुंब आपापलं ताट घेऊन येतं. आख्खी उकडलेली कोंबडी, भाजलेलं डुकराचं मटण, संत्री, तीन छोट्या पेल्यांत चहा. मोठ्या उदबत्त्यांची जुडी पेटवून कपाळाशी धरायची, तीनदा वाकायचं, राखेने भरलेल्या भांड्यात रोवायची. मग कागदी सोनं-नाणी एका भट्टीत जाळायची. सगळं झालं की ताट परत उचलून अंगणात नेऊन खायचं. देवाने चाखलं, आता माणसांनी खायचं. ह्यात आम्हाला समजावून सांगण्यासारखं कुणाला काही नव्हतं. आपल्याकडे जत्रेला कोंबडा दाखवतात तेव्हा वेगळं काय करतात?

पण बाबांना थांबवलं ते बाजूच्या ओवरीने. तिथे दक्षिण रायची पूजा होते. तो सुंदरबनचा वाघाचा देव, पूर्णपणे बंगाली. चिनी बायका खुदा-खुदीपुढे उदबत्ती लावून झाली की दोन काड्या घेऊन ह्या वाघदेवाकडेही जात होत्या. बाबा हळूच म्हणाले, "वाघोबा." आमच्याकडे जंगलात शिरणारा माणूस वाघोबाला नमस्कार केल्याशिवाय जात नाही. अडीचशे वर्षांपूर्वी ऊस लावायला जंगल तोडणाऱ्या त्या परक्या मजुरांना आपल्या गावचा भूमिदेव पुरला नसणार. वाघ इथला, तेव्हा त्याला आवरणारा देवही इथलाच हवा. असं माझं मत झालं, आणि अजून आहे.

मंदिरापासून थोड्या अंतरावर हुगळीच्या काठी अच्यूची समाधी आहे. लाल रंगवलेली, घोड्याच्या नालाच्या आकाराची. दक्षिण चीनमध्ये अशाच समाध्या बांधतात. पाठीला उंचवटा, पुढे पाणी, जणू आरामखुर्चीत बसून माणूस नदीकडे बघतोय. जवळच एक लहान मुलगा आजोबांच्या सांगण्यावरून तीन काड्या रोवत होता. त्याच्या शर्टवर क्रिकेटच्या संघाचं नाव होतं आणि तो आजोबांशी बंगालीत बोलत होता. आजोबा त्याला कॅन्टनी भाषेत उत्तर देत होते. दोघांपैकी कुणालाच त्यात काही वेगळं वाटत नव्हतं.

जाणाऱ्यांसाठी: गाडी करायची नसेल तर सियालदहहून बजबजची लोकल पकडा, पुढे अचिपूरसाठी रिक्षा मिळते. इतर दिवशी देवळाला कुलूप असू शकतं. राखण करणारी माणसं शेजारीच राहतात, विचारलं की उघडून देतात. नववर्षानंतरच्या रविवारी मात्र सकाळी जा. दुपारनंतर बसगाड्या परततात. नदीकाठाला गावात कंपनीच्या काळातलं दारूगोळ्याचं कोठारही आहे. कलकत्त्यात शिरण्याआधी जहाजांनी आपली बंदुकीची दारू इथे उतरवून ठेवायची असा नियम होता.

तिसरा दिवस : सोमवार, गल्ल्यांमधली 'चर्चं'

कलकत्त्याच्या चिनी देवळांना सगळे 'चर्च' म्हणतात. सी इप चर्च, नाम सून चर्च, तूंग ऑन चर्च. इंग्रजांच्या कागदपत्रांत प्रार्थनेची जागा म्हणजे चर्च, तेच नाव पाटीवर आलं. मूळ शब्द 'फुई कून'. हे निव्वळ देऊळ नसतं. नव्या मुलखात उतरलेल्या माणसाला पहिले चार दिवस झोपायला जागा, कामाची ओळख, गावाकडे चिठ्ठी लिहून देणारा माणूस, आजारपणात पैसे आणि मेल्यावर तिरडी, हे सगळं फुई कून बघायचं. गिरणगावात आपल्या ग्रामस्थ मंडळांच्या खोल्या होत्या, तशी. धोबी तलावला गोव्याच्या गावांचे 'कूड' आहेत, तिथे गावच्या संताची वेदी असते आणि तिच्यासमोर बोटीवर जाणारे आपल्या ट्रंका ठेवून झोपायचे. ते ज्यांनी पाहिलंय त्यांना फुई कून वेगळं समजवायला नको.

चातावाला गल्लीत सी इप चर्च आहे. 'सी इप' म्हणजे आपलं 'सी यप'च, चार तालुक्यांचं ते १९०५ चं देऊळ. तळमजल्यावर दोन टेबलांभोवती म्हातारी माणसं माहजाँग खेळत बसलेली, सोंगट्यांचा खळखळाट. आम्ही नमस्कार केला, वर जायची परवानगी विचारली. एका गृहस्थांनी न बघताच जिन्याकडे बोट दाखवलं.

वर क्वान यिन. इथली माणसं तिला 'कुन याम' म्हणतात. करुणेची देवी. सोन्याचा मुलामा दिलेल्या कोरीव लाकडी चौकटीत ती बसलीय, समोर तेलाचा दिवा, फळं, फुलं. ही देवी म्हणजे आपला अवलोकितेश्वर. भारतातून चीनमध्ये गेलेला हा बोधिसत्त्व तिथे हळूहळू स्त्रीरूपात पुजला जाऊ लागला. औरंगाबादच्या सातव्या लेण्यात दाराशेजारी त्याचं मोठं शिल्प आहे, कान्हेरीतही आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना प्रवाशांवर येणारी संकटं कोरली आहेत: आग, तलवार, बेड्या, बुडणारी नाव, सिंह, साप, हत्ती. प्रत्येक चौकोनात हात जोडलेली माणसं, आणि त्यांच्याकडे धावून येणारा तो. सह्याद्रीतल्या व्यापाऱ्यांनी ज्याला प्रवासात हाक मारली, त्यालाच हजाराहून जास्त वर्षांनी कॅन्टनच्या खलाशांनी आणि सुतारांनी हाक मारली, आणि तीही पुन्हा भारतात येऊन. मी तिथे उभी होते तेव्हा हे सगळं एकदम मनात आलं आणि घसा दाटला.

बाबा मात्र देवीकडे कमी आणि चौकटीकडे जास्त बघत होते. कलकत्त्यात कॅन्टनी माणसं मुख्यतः सुतार. गोद्यांमध्ये जहाजांचं लाकूडकाम, चहाच्या पेट्या, फर्निचर. चामड्याचं आणि जोड्यांचं काम हक्का ह्या दुसऱ्या चिनी समाजाचं, दातांचे दवाखाने हुपे प्रांतातल्या लोकांचे, अशी वाटणी होती. बाबांनी चष्मा काढून जवळ जाऊन पाहिलं. "खिळा नाही कुठे. सगळं खाचेत कुसू बसवून केलंय. आणि हे बघ, हे पान एका पटाशीने नाही निघत, तीन तरी लागतात." मागे एक बाई येऊन कधी उभ्या राहिल्या होत्या आम्हाला कळलंच नाही. सत्तरीच्या असतील, स्वेटर घातलेल्या, हातात तेलाची बाटली. त्यांनी हिंदीत विचारलं, "मिस्त्री आहात?" बाबा म्हणाले, "हो. मुंबईच्या गोदीत होतो." "माझे वडीलही. खिदिरपूरच्या गोदीत."

पुढचा दीड तास त्या दोघांचाच होता. रंध्याला तिथे काय म्हणतात, सागवान कुठून यायचं, ब्रह्मदेशचं चांगलं की मलबारचं. त्यांनी सांगितलं की कॅन्टनी सुतारांचा देव लू बान. बाबांनी विश्वकर्म्याचं सांगितलं. कलकत्त्यात विश्वकर्मा पूजेला आकाशात पतंग उडतात, तेव्हा त्यांचे वडीलही हत्यारं धुऊन-पुसून मांडायचे आणि दोन्ही देवांना एकच उदबत्ती पुरवायचे.

मी माझगावच्या सी यप कूनचा फोटो मोबाइलवर दाखवला. त्यांनी तो बराच वेळ मोठा करकरून पाहिला. दारावरची अक्षरं वाचली. "हे आमचेच," म्हणाल्या. "तोयसानचे." मग विचारलं, "दिवा रोज लागतो?" मला खात्रीने सांगता येईना. लागत असावा, म्हटलं. त्यांनी मान हलवली, पण त्या 'असावा'ने त्यांचं समाधान झालं नाही, ते दिसलं.

देवीपुढे बांबूचं नळकांडं होतं, त्यात आकडे घातलेल्या काड्या. गुडघ्यावर बसून प्रश्न मनात धरायचा, नळकांडं हलवायचं, एक काडी खाली पडेपर्यंत. मग चंद्रकोरीच्या आकाराचे लाकडाचे दोन तुकडे टाकून विचारायचं, हीच का? एक सपाट आणि एक फुगीर बाजू वर आली तर होय. दोन्ही फुगीर तर नाही. दोन्ही सपाट तर देव हसतोय, पुन्हा विचार. बाबा एकदम मालवणीत म्हणाले, "अगो, ह्यो तर आमचो कौल!" देवळात पाषाणाला तांदूळ किंवा कळ्या लावून गुरव प्रश्न विचारतो, उजवी पडते की डावी ते बघतो. बाबांना आग्रह केला तेव्हा ते गुडघ्यावर बसले. काय विचारलं ते सांगितलं नाही. पहिल्यांदा दोन्ही तुकडे सपाट पडले. बाई हसून म्हणाल्या, "ती हसली. पुन्हा विचारा." दुसऱ्यांदा होय आलं.

खाली आलो तेव्हा माहजाँगचा डाव संपला होता. चहा झाला. ६२ सालचा विषय मी काढला नाही, मघाच्या गृहस्थांनीच काढला. युद्ध झालं आणि चिनी वंशाच्या लोकांना पकडून राजस्थानात देवळीच्या छावणीत नेलं. सुमारे ३००० माणसं, त्यात मुलं, म्हातारी, कित्येक भारतात जन्मलेली. आसाम आणि दार्जिलिंगकडची जास्त. काही जण तर युद्ध संपून तीन-चार वर्षं झाली तरी आतच होते. कलकत्त्यात राहिलेल्यांना पोलिसांकडे नोंद करावी लागे, शहराबाहेर जायचं तर परवानगी घ्यावी लागे. "आम्ही तेव्हा अचिपूरलासुद्धा विचारून जायचो," ते म्हणाले. आवाज चढला नाही. मग एकेक घर उठलं. टोरोंटो, हाँगकाँग, ऑस्ट्रेलिया. त्यांचे तिन्ही भाऊ टोरोंटोत आहेत. "मी का राहिलो? कुणीतरी किल्ली ठेवायला हवी ना."

औरंगाबादच्या त्या शिल्पातला बेड्यांचा चौकोन मला तेव्हा पुन्हा आठवला. आपल्या देशाने आपल्याच माणसांना केलेली ही गोष्ट शाळेत मला कुणी शिकवली नाही. निदान ज्या चहाच्या टेबलाशी ती ऐकली तिथे मान खाली घालून ऐकावी, एवढं मी केलं.

बाकीची देवळं दुपारनंतर झाली. डामझेन लेनमधलं नाम सून सगळ्यात जुनं, १८२० चं. नामहोय आणि सुनटाक ह्या दोन तालुक्यांच्या लोकांचं. अंगण मोठं, गाभारा क्वान तीचा. तो म्हणजे आमच्या माझगावचा क्वान कुंगच. 'तीन राज्यां'च्या काळातला, इ. स. २२० च्या सुमारास मारला गेलेला सेनापती. दिलेला शब्द न मोडणारा म्हणून पुढे देव झाला, आणि परक्या गावात एकमेकांच्या शब्दावर जगणाऱ्या माणसांनी त्याला उराशी धरलं, ह्यात नवल नाही. ब्लॅकबर्न लेनमधल्या गी हिंग चर्चमध्ये (संस्था १८८८ ची) आणि तूंग ऑनमध्येही तोच आहे. तूंग ऑनची लाल विटांची इमारत फार देखणी आहे. खाली एके काळी नानकिंग नावाचं शहरातलं नामांकित चिनी हॉटेल होतं. आता खाली शुकशुकाट आहे, वर देव आहे.

पण ज्या देवळाने मला सगळ्यात जास्त विचारात पाडलं ते डामझेन लेनमधलंच १९०८ चं, सी वुईच्या लोकांचं. तिथे युन आणि लिआँग अशा दोन बुद्धांची पूजा होते. ही दोन खरी माणसं, सी वुई तालुक्यातली. सोंग राजवटीच्या काळात होऊन गेली आणि लोकांनी त्यांना बुद्धपदाला पोचलेले मानलं. कॅन्टनच्या त्या एका कोपऱ्याबाहेर त्यांना फारसं कुणी ओळखत नाही. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या गावच्या समाधीतल्या महाराजांसारखे. क्वान यिन किंवा क्वान ती सगळ्या चीनचे आहेत, ते कुठेही भेटतात. हे दोघं मात्र एखाद्याच्या ट्रंकेतूनच येऊ शकतात. असा देव परदेशात दिसला की समजावं, इथे कोण आलं होतं, कुठल्या गावाहून आलं होतं. कागदपत्रं हरवतात. देवाच्या नावात गावाचा पत्ता राहतो.

जाणाऱ्यांसाठी: ही सगळी देवळं एकमेकांपासून पायी दहा मिनिटांच्या आत आहेत. सकाळी नऊ ते बाराच्या दरम्यान बहुतेक उघडी मिळतात. प्रवेशाला पैसे नाहीत, पेटीत जमेल ते टाका. फोटो आधी विचारून काढा, आणि कुणी गुडघ्यावर बसलं असेल तेव्हा अजिबात काढू नका. सी वुईच्या तळमजल्यावर 'सेई वुई' नावाचं हॉटेल आहे. आम्ही तिथे जेवलो: आल्याच्या पातळ रश्श्यातला वाफवलेला मासा आणि भात. गाड्यांवर मिळणाऱ्या लालभडक 'चायनीज'शी ह्याचं काही नातं नाही.

चौथा दिवस : मंगळवार, टांगरा आणि परत

टांगरा हा हक्का लोकांचा, चामड्याच्या कारखान्यांचा भाग. १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर कारखाने बानतलाला हलले आणि त्या आवारांत हॉटेलं आली. आमचा विषय कॅन्टनी लोकांचा, म्हणून इथे फार रेंगाळलो नाही. पण चिनी कालीमंदिर पाहिलं. देवी बंगाली, पुजारी बंगाली, सेवेकरी चिनी, आणि प्रसादाला नूडल्स चढतात. मंगळवार असल्याने गर्दी होती. एक तरुण चिनी मुलगी ऑफिसची बॅग पाठीला लावून आली, जास्वंदाचा हार वाहिला, उदबत्ती दोन्ही हातांत धरून चिनी पद्धतीने तीनदा वाकली आणि रिक्षा पकडून गेली.

दुपारी सामान घेण्याआधी बाबांनी पुन्हा चातावाला गल्लीत जायचा हट्ट धरला. बाई वर होत्या. त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेला उदबत्त्यांचा एक पुडा बाबांच्या हातात दिला. "तुमच्याकडच्या देवळासाठी. आणि मिस्त्री, तिथल्या लाकडाला वाळवी नाही ना, तेवढं हात लावून बघा. समुद्राची हवा असते तुमच्याकडे."

परतल्यावर

पुढच्या रविवारी आम्ही नवाब टँकला गेलो. दार उघडं होतं. राखण करणाऱ्या कुटुंबातल्या ताईंना पुडा दिला, कुठून आलाय ते सांगितलं. वर क्वान कुंगपुढे दिवा जळत होता. मी त्याचा फोटो काढून कलकत्त्याला पाठवला. बाबा तोवर चौकटीशी गेले होते. त्यांनी बोटाच्या पेराने खालपासून वरपर्यंत लाकूड वाजवून पाहिलं, कान लावून ऐकलं, मग मागच्या बाजूला हात फिरवला.

"तिला कळव, वाळवी नाही," ते म्हणाले. "फक्त ह्या पाटाचा एक पाय हलतोय. कुसू सैल झालाय. तो मी येत्या रविवारी बसवून देतो."